डोळा लागतो तो क्षण पकडताना

रात्री अंथरुणाला पाठ टेकणं आणि सकाळी जाग येणं, या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आपला डोळा लागतो. नेमका कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. 'अकराला पडलो, साडेअकरापर्यंत तरी जागा होतो' इथवर आठवतं, पुढे थेट सकाळ. झोप येत असताना आपण हजर असतो, ती आली तेव्हा मात्र आपला पत्ता नसतो. तो क्षण ओलांडताना जाणीव शाबूत ठेवता येते का, आणि ठेवली तर पुढे काय होतं, त्याबद्दल हा लेख आहे.

पुढे होतं असं की माणूस सरळ चालत स्वप्नात शिरतो, आणि हे स्वप्न आहे हे त्याला आत पाऊल टाकतानाच ठाऊक असतं. अशा स्वप्नाला 'ल्युसिड ड्रीम' म्हणतात. हे नाव रूढ केलं डच मानसोपचारतज्ज्ञ आणि लेखक फ्रेडरिक व्हॅन एडन यांनी, १९१३ साली. मराठीत कुणी सुबोध स्वप्न म्हणतं, कुणी सजग स्वप्न. मी 'जाणतं स्वप्न' म्हणतो, कारण पोर जसं बघता बघता जाणतं होतं तसंच हेही होतं.

जाणत्या स्वप्नाला दोन दारं आहेत. पहिलं आतून उघडतं. स्वप्न आधीच चालू असतं, त्यात काहीतरी भलतंच घडतं, वीस वर्षांपूर्वी गेलेले आजोबा समोर बसून पेपर वाचत असतात, आणि एकदम डोक्यात उजेड पडतो की अरे, हे तर स्वप्न! दुसरं दार बाहेरून उघडतं. तुम्ही अंथरुणात जागे असता आणि जाणिवेचा धागा हातातून न सोडता झोपेत उतरता. अमेरिकेतले संशोधक स्टीफन लाबर्ज यांनी प्रयोगशाळेत नोंदवलेल्या ७६ जाणत्या स्वप्नांपैकी ५५ पहिल्या दारातून आली होती, २१ दुसऱ्या. म्हणजे दुसरी वाट अवघड आहे, पण अगदीच दुर्मीळ नाही. लाबर्ज यांनी तिला दिलेल्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवली की 'वाइल्ड' होतं, आणि जगभरातले हौशी लोक तिला त्याच नावाने ओळखतात.

हे थोतांड वाटत असेल तर त्यात तुमचं काही चुकत नाही. बरीच वर्षं शास्त्रज्ञांनाही तसंच वाटायचं. 'मी झोपेत शुद्धीवर होतो' असं सांगणारा माणूस मध्येच दोन सेकंद जागा झाला असेल, असं म्हणून ते विषय मिटवून टाकत. तोड काढली ती इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी. स्वप्नं पडतात त्या झोपेत हातापायाचे स्नायू लुळे पडलेले असतात, पण डोळ्यांचे नसतात. तेव्हा स्वप्नातल्या माणसाने ठरलेल्या रीतीने डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले तर बाहेरच्या यंत्रावर त्याची रेघ उमटेल, असा त्यांचा हिशोब होता. एप्रिल १९७५ मध्ये अ‍ॅलन वर्स्ली नावाच्या स्वयंसेवकाने झोपेतून तसा इशारा दिला, आणि त्या वेळी मेंदूच्या लहरी व स्नायूंच्या नोंदी तो झोपलेला असल्याचंच सांगत होत्या. लाबर्ज यांनी स्टॅनफर्डमध्ये हेच स्वतंत्रपणे करून दाखवलं. २०२१ मध्ये तर अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स इथल्या चार प्रयोगशाळांनी मिळून ३६ जणांवर याच्या पुढचा प्रयोग केला. झोपलेल्या माणसाला विचारलं, आठातून सहा गेले किती? त्याने डोळे दोनदा फिरवले. तेव्हा असं स्वप्न पडतं का, हा वाद आता उरलेला नाही. निम्म्याहून अधिक लोकांना आयुष्यात एकदा तरी ते आपसूक पडतं, असंही वेगवेगळ्या पाहण्या एकत्र करून काढलेला आकडा सांगतो: सुमारे ५५ टक्के. आपल्याला हवं तेव्हा ते पाडता येईल का, ही खरी अडचण आहे.

आता 'जागं राहण्या'बद्दल. या शब्दाने जितका घोळ घातला आहे तितका दुसऱ्या कशाने नाही. जागं राहायचं म्हटलं की लोकांना वाटतं झोपेशी झुंजायचं, डोळ्यांवर पाणी मारायचं, कॉफी ढोसायची, नाहीतर रात्रभर ताटकळत बसायचं. मीही तेच केलं. जवळजवळ दीड महिना रोज रात्री अकराला उताणा पडून श्वास मोजत राहायचो. दोनच शेवट व्हायचे. एक, सदतीस-अडतीसपर्यंत मोजून थेट सकाळ. दोन, मी इतक्या निश्चयाने जागा राहायचो की एक वाजायचा, दीड वाजायचा, पाठ आंबून जायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कामाच्या टेबलावर पेंगा यायच्या. दोष माझ्या चिकाटीचा असावा असं मी धरून चाललो होतो. दोष घड्याळाचा होता.

झोप ही एकसंध चादर नसते. साधारण नव्वद मिनिटांचं एक आवर्तन, अशी रात्रीत चार-पाच आवर्तनं होतात. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅसरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतला तो काळ शोधून काढला, ज्यात बंद पापण्यांआड बुबुळं वेगाने हलतात. त्यालाच 'रेम' झोप म्हणतात, आणि ठसठशीत, कथानक असलेली स्वप्नं बहुतेक करून याच झोपेत पडतात. आता गंमत अशी की रात्रीच्या सुरुवातीच्या आवर्तनांत गाढ झोपेचा वाटा मोठा असतो आणि रेम जेमतेम काही मिनिटांची. पहाटेकडे हे उलटं होत जातं. गाढ झोप जवळपास संपते आणि रेमचे टप्पे वीस मिनिटं, अर्धा तास, कधी त्याहूनही लांबतात.

म्हणजे अकराला धागा धरून झोपेत उतरणाऱ्याला स्वप्नाच्या दारापाशी पोचण्यासाठी आधी तास-सव्वा तासाचा गाढ झोपेचा बोगदा पार करावा लागतो, तोही शुद्धीवर राहून. दिवसभर जागेपणी मेंदूत साचलेलं अ‍ॅडेनोसिन हे झोप आणणारं रसायन त्या वेळी त्याला खाली खेचत असतं. हरणारच. पहाटे साडेचारला मात्र तो बोगदा मागे पडलेला असतो. गाढ झोपेची थकबाकी फिटलेली, शरीराचं तापमान दिवसातल्या तळाच्या आसपास, आणि मेंदू रेमकडे कललेला. अशा वेळी थोडं जागून परत डोळा लागला तर काही मिनिटांतच स्वप्न सुरू होऊ शकतं. आपल्या भाषेत त्या वेळेच्या झोपेला साखरझोप म्हणतात. ज्याने कुणी हा शब्द घडवला त्याच्याकडे मेंदूलहरी मोजायचं यंत्र नव्हतं, पण पहाटेची झोप ही वेगळी चीज आहे हे त्याला पक्कं कळलेलं होतं.

सगळ्या खात्रीच्या युक्त्यांचा पाया म्हणूनच एक आहे: पहाटे उठा, थोडं जागा, परत झोपा. 'वेक बॅक टू बेड' या तिच्या इंग्रजी नावाचा सरळ अर्थ 'उठून पुन्हा अंथरुणात' असा होतो.

करायचं असं. झोप लागल्यापासून साडेचार ते सहा तासांवर गजर लावायचा. गजर हळू आवाजाचा, आणि शक्य असेल तर कंप पावणारा, म्हणजे घरातल्या बाकीच्यांची झोपमोड होत नाही. (हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. चौथ्या दिवशी घरातून विरोध सुरू झाला की प्रयोग गुंडाळावा लागतो.) गजर बंद करून लगेच कुशीवर वळायचं नाही, खरोखर उठून बसायचं. पाणी प्या, बाथरूमला जाऊन या, मंद दिवा लावा. आत्ता कुठलं स्वप्न चालू होतं ते आठवत असेल तर वहीत दोन ओळी खरडा. मोबाइल हातात घेऊ नका, कारण त्याच्या उजेडाइतकाच त्याच्यातला मजकूर घातक असतो. एकदा कामाचा निरोप वाचला की मेंदू दिवसाच्या गियरमध्ये पडतो आणि मग परत झोप येत नाही.

किती वेळ जागायचं? इथे माणसागणिक फरक पडतो आणि तो स्वतःच शोधावा लागतो. ज्यांना उशीला डोकं टेकताच झोप लागते त्यांना पाऊण तास, तासभरही लागेल. ज्यांची झोप एकदा मोडली की मोडली, त्यांनी पाच-दहा मिनिटांत परत आडवं व्हावं. एका प्रयोगशाळेत लोकांना सहा तासांच्या झोपेनंतर उठवलं, तासभर जागं ठेवून नुकत्याच पडलेल्या स्वप्नावर काम करायला लावलं आणि परत झोपवलं. त्या एका सकाळीच जवळजवळ निम्म्या जणांना जाणतं स्वप्न पडलं. नवख्या लोकांसाठी हा आकडा फारच मोठा आहे. पण तिथे सोबत संशोधक होते, शांत खोली होती आणि सकाळी कामावर पळायची घाई नव्हती, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

त्या जागेपणात डोक्यात काय घोळवायचं याचीही एक रीत आहे. तिला 'माइल्ड' म्हणतात, तीही लाबर्ज यांचीच. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण आपण टोमणा मारायला वापरतो, पण इथे ती शब्दशः कामाला येते. उद्या बँकेत जाताना वाटेत पत्र टाकायचं, असं आपण मनाशी पक्कं करतो आणि पत्रपेटी दिसली की ते आठवतं. पुढे करायची गोष्ट वेळेवर आठवणं, ही स्मरणशक्तीची एक वेगळी शाखाच आहे. माइल्डमध्ये तिच्यावरच विसंबायचं असतं. 'आता स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल', असं सावकाश, अर्थ मनात आणत म्हणायचं, आणि त्याबरोबर मघाचंच स्वप्न पुन्हा डोळ्यांसमोर आणून त्यातल्या विचित्र जागी आपण थांबलो, ओळखलं, असं बघायचं. पोपटपंची करून उपयोग नाही. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड विद्यापीठाचे डेनहोम अ‍ॅस्पी यांच्या २०१७ मधल्या अभ्यासात पहाटे उठणं, माइल्ड आणि दिवसभर 'मी स्वप्नात तर नाही ना' अशी तपासणी करणं, या तिन्हींची जोड देणाऱ्या गटाला आठवड्याभरात सरासरी १७ टक्के वेळा यश आलं. त्याच अभ्यासातली मला जास्त मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. माइल्ड संपवून ज्यांना पाच मिनिटांच्या आत झोप लागली, त्यांचं यश ४६ टक्क्यांवर गेलं. जागं राहण्याच्या युक्तीत सगळ्यात जास्त फायदा झटकन झोपी जाणाऱ्याला होतो!

यावरून वाइल्डचंही मर्म कळतं. जागं ठेवायचं ते शरीराला नाही. शरीर शक्य तितक्या लवकर झोपलं पाहिजे. जागा ठेवायचा तो जाणिवेचा एक बारीकसा कोपरा, आणि तोही शरीराला न डिवचता. गॅसवर दूध ठेवून शेजारी पुस्तक वाचत बसलेला माणूस आठवा. तो दुधाकडे टक लावून बघत नाही, पण पूर्ण विसरतही नाही. दूध वर आलं की त्याला कळतं. लक्ष तेवढंच हवं. टक लावली की झोप येत नाही आणि पुस्तकात बुडालात की दूध उतू जातं.

एवढ्याशा लक्षाला टांगायला एक खुंटी लागते. श्वास ही सगळ्यात सोपी. लाबर्ज यांनी मोजणी सुचवली आहे: 'एक, मी स्वप्न बघतोय, दोन, मी स्वप्न बघतोय…' असं मनातल्या मनात. काहींना पोटाच्या वर-खाली होण्यावर लक्ष ठेवणं जमतं, काहींना पंख्याचा आवाज. माझ्यापुरतं सांगायचं तर आकडे फार जागे ठेवतात. श्वास नाकपुडीला लागतो तिथे मन ठेवणं जास्त जमतं. पडायचं कसं, यावर लोक तावातावाने भांडतात. उताणं पडलं की झोप उशिरा लागते, त्यामुळे धागा टिकवणं सोपं जातं, पण झोपच न येण्याची शक्यताही वाढते. तुमची रोजची कूस सोडून दुसऱ्या कुशीवर पडा आणि वाद मिटवा.

पापण्या मिटल्यावर काय दिसतं, ते मला जमलेल्या एका पहाटेवरून सांगतो. पहिली काही मिनिटं नुसता काळोख, त्यावर जांभळट, धुरकट ठिपके, पसरत जाणारे, विरणारे. मग हातापायांना जडपणा येतो, बोटं नेमकी कुठे आहेत ते कळेनासं होतं. विचार अजून शहाण्यासारखे चाललेले: वीजबिल भरायचं राहिलंय, शेवटची तारीख सोमवार. नंतर, कुठलाही सांधा न दिसता, बिलाला शेपूट आहे आणि ती दारात अडकणार, तेव्हा बिल आडवं करून आत न्यायला हवं. हे वाक्य मला त्या क्षणी पूर्ण तर्कशुद्ध वाटलं. नेमकं तिथेच एक बारीक टिचकी बसली: बिलाला शेपूट? काळोखात त्यापाठोपाठ एक जिना दिसला, क्षणभर, पण फोटोइतका स्वच्छ. लाकडी कठडा, त्याला लागून उतरलेला ऊन्हाचा पट्टा.

विचार वाकडे होऊ लागणं ही सगळ्यात भरवशाची खूण आहे. चित्रं दिसणं, कुणीतरी नावाने हाक मारल्यासारखं वाटणं, पडल्याचा भास होऊन अंग दचकणं, हे सगळं जाग आणि झोप यांच्या सीमेवरचं सामान. या अवस्थेला आज वापरतात ते 'हिप्नॅगोगिक' हे नाव एकोणिसाव्या शतकात फ्रेंच विद्वान आल्फ्रेड मोरी यांनी दिलं. मेंदू तिथे दिवसभराचा माल उलगडत असतो. २००० साली हार्वर्डमध्ये रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी लोकांना टेट्रिस खेळायला लावलं, तर झोप लागतालागता त्यांना वरून पडणारे ठोकळे दिसू लागले. ज्यांची स्मृती आजाराने गेलेली होती आणि आपण काही खेळलो हेही ज्यांना आठवत नव्हतं, अशांपैकी काहींनाही ते दिसले!

चित्रकार साल्व्हादोर दाली या सीमेचा फायदा उठवायचे. खुर्चीत बसून बोटांच्या चिमटीत जड किल्ली धरायची, खाली ताटली उपडी ठेवायची. डोळा लागला की चिमूट सुटते, किल्ली खणकन पडते आणि दिसलेलं चित्र हातात येतं. एडिसनबद्दलही अशीच गोष्ट सांगतात, हातात धातूचे गोळे धरल्याची. पॅरिसमध्ये २०२१ मध्ये या युक्तीची चाचणी झाली. एक कंटाळवाणं गणिती कोडं दिलं, त्यात एक छुपा सोपा मार्ग होता. मध्ये हातात वस्तू धरून वीस मिनिटं विश्रांती. झोपेच्या अगदी पहिल्या पायरीवर किमान पंधरा सेकंद घालवलेल्यांपैकी ८३ टक्के जणांना नंतर तो मार्ग सापडला. जागे राहिलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के जणांना. ज्यांना त्याहून खोल झोप लागली त्यांच्यापैकी फक्त १४ टक्के जणांना. जाणत्या स्वप्नाशी याचा थेट संबंध नाही, पण सराव म्हणून दुपारी खुर्चीत हा खेळ करून बघा. आपला डोळा नेमका कधी लागतो याची ओळख त्यातून होते, आणि पहाटे तीच कामी येते.

परत त्या जिन्याकडे. अशी चित्रं दिसू लागली की नवखा माणूस त्यांच्यावर झडप घालतो आणि ती विरून जातात. त्यांना येऊ द्यायचं, जाऊ द्यायचं. हळूहळू ती जास्त वेळ टिकतात, हलू लागतात, त्यांना खोली येते. एका टप्प्यावर तुम्ही चित्र बघत नसता, चित्राच्या आत उभे असता. हा बदल कधी इतका अलगद होतो की कळत नाही, कधी कानात घोंघावणं, अंगभर झिणझिण्या, वर उचलल्यासारखं वाटणं, असा गाजावाजा करत होतो. दोन्ही ठीक. 'झिणझिण्या आल्याच नाहीत म्हणजे माझं चुकतंय' असं मानून लोक उगाच ताटकळतात.

तसाच आणखी एक पसरलेला समज: मन झोपलंय का हे तपासण्यासाठी शरीर मुद्दाम खाज पाठवतं, तेव्हा खाजवलं की सगळं फुकट. खाज ही खाज असते. ती सोसत दहा मिनिटं दात आवळून पडण्यापेक्षा खाजवा आणि परत पडा. गिळावंसं वाटलं तर गिळा.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत असलेली बरी. रेम झोपेत मेंदूचं खोड मज्जारज्जूतल्या चेतापेशींना दाबून ठेवतं, म्हणून स्वप्नात धावताना आपण पलंगावरून उठून धावत नाही. वाइल्ड करताना कधीकधी जाणीव शिल्लक असतानाच ही कळ दाबली जाते. हात उचलायला जावं तर उचलत नाही, छातीवर ओझं आल्यासारखं वाटतं, खोलीत कुणीतरी आहे अशी खात्री होते. जगभरच्या लोकांनी या अनुभवाला भुतं आणि चेटकिणींची नावं दिली आहेत. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात, हा काही सेकंद ते फार तर काही मिनिटं टिकतो आणि आपोआप सुटतो. श्वास थांबत नाही, कारण श्वासपटलाला या दाबातून सूट असते. घाबरून सगळं अंग झटकण्याचा प्रयत्न केला की भीती वाढते. श्वास संथ ठेवून पायाचा अंगठा किंवा करंगळी हलवायचा प्रयत्न केला की बहुधा सुटका होते. आणि धीर असेल तर उलट खूशच व्हा, कारण तुम्ही दाराच्या चौकटीत उभे आहात. मात्र पक्षाघात झाल्याशिवाय वाइल्ड होत नाही, हे साफ चूक. कित्येकांना तो कधीच जाणवत नाही.

ज्यांना इतकं पडून राहणं जमत नाही त्यांच्यासाठी ज्ञानेंद्रियांच्या फेऱ्यांची पद्धत आहे. पहाटे उठून परत पडल्यावर काही वेळ मिटल्या डोळ्यांसमोरच्या काळोखाकडे लक्ष, मग कानावर येणाऱ्या आवाजांकडे, मग अंगाला जाणवणाऱ्या स्पर्शाकडे. अशा चार-पाच झटपट फेऱ्या, नंतर तीन-चार संथ, आणि मग सगळं सोडून आवडत्या कुशीवर झोपून जायचं. इथे धागा धरायची गरजच नाही. अ‍ॅस्पी यांनी २०२० मध्ये ३५५ जणांवर केलेल्या अभ्यासात ही पद्धत माइल्डच्या तोडीस तोड ठरली. माझा कौल विचाराल तर सुरुवात हिच्यापासून करावी. ती कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच तिच्यात झोप चटकन लागते.

याहून आळशी उपाय एकच. पहाटे स्वप्नातून आपोआप जाग आली की हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. नुकतंच सुटलेलं दृश्य मनात धरून तसंच पडायचं. पुष्कळदा अर्ध्या-एका मिनिटात ते दृश्य परत आपल्याला आत ओढून घेतं, आणि या खेपेस आपल्याला माहीत असतं की आपण कुठे चाललो आहोत. नशिबाचा भाग मोठा, पण कष्ट शून्य.

औषधांबद्दल विचारणा होते म्हणून थोडक्यात. गॅलँटामाइन हे अल्झायमरवर दिलं जाणारं औषध. २०१८ मध्ये लाबर्ज आणि सहकाऱ्यांनी १२१ जणांवर, पहाटे उठणं आणि माइल्ड यांच्या जोडीने, ते तपासलं. नुसत्या बनावट गोळीवर १४ टक्के, ४ मिलिग्रॅमवर २७ आणि ८ मिलिग्रॅमवर ४२ टक्के लोकांना जाणतं स्वप्न पडलं. आकडे भुरळ घालणारे आहेत. पण हे औषध हृदयाचे ठोके मंद करू शकतं, दम्याच्या रुग्णाला त्रास देऊ शकतं, मळमळ तर नेहमीचीच. स्वप्नाच्या हौसेपोटी डॉक्टरांना न विचारता ते घेणं मला मूर्खपणाचं वाटतं.

आणि रात्रभर जागून स्वप्नांचा साठा करण्याची कल्पनाही सोडून द्या. पूर्ण रात्र मारली की पुढच्या झोपेत मेंदू आधी गाढ झोपेची भरपाई करतो, त्यामुळे तुम्ही त्या बोगद्यात आणखी खोल जाता. पहाटे उठण्याचा प्रयोगसुद्धा आठवड्यातून एक-दोनदाच, दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत लोळता येईल अशा बेताने. सकाळी लवकर गाडी चालवायची असेल त्या दिवशी नाहीच. ज्यांना आधीच निद्रानाश आहे, ज्यांना भास होण्याचा किंवा मनःस्थिती टोकाला जाण्याचा आजार आहे, त्यांनी झोपेची घडी अशी मोडू नये. त्यांच्या बाबतीत झोपमोड हीच आजार उफाळण्याची सुरुवात ठरू शकते.

समजा, जमलं. तुम्ही आत आहात. बहुतेकांचं पहिलं जाणतं स्वप्न दहा-पंधरा सेकंदांत फुटतं, कारण आनंद अनावर होतो. लाबर्ज यांचा तोडगा: स्वप्नातले हात एकमेकांवर चोळा किंवा स्वतःभोवती गिरकी घ्या. स्पर्शाचं भान स्वप्नातल्या शरीरात गुंतलं की पलंगावरच्या शरीराकडे ते कमी जातं. मग खात्री करून घ्या. नाक चिमटीत धरून श्वास घ्या, स्वप्नात तो येतो. कुठली तरी पाटी वाचा, मान फिरवा, परत वाचा. अक्षरं बदललेली असतात.

त्या पहाटे जिना टिकला. मी कठड्याला हात लावला, लाकूड उबदार होतं. नाक दाबलं आणि श्वास आला, आणि मी इतका जोरात हसलो की जिना, ऊन, सगळं पांढरं होत गेलं. जाग आली. खोलीत मंद दिवा, पाच वाजून दहा मिनिटं. विसरण्याआधी वही ओढली आणि शेपटीच्या बिलापासून सगळं लिहून काढलं, पानभर. वही मिटून उशीखाली सारली आणि समाधानाने पडलो.

मग दूधवाल्याच्या बेलने खरोखर जाग आली. उशीखाली वही नव्हती. ती टेबलावर होती, पेनसकट, आणि पान कोरं. झोपेतून उठल्याचं स्वप्न पडणं याला खोटी जाग म्हणतात, आणि जाणत्या स्वप्नानंतर ती बऱ्याचदा गाठते. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. तेव्हापासून डोळे उघडले की वही घेण्याआधी मी नाक दाबतो.